राष्ट्राची रास: 'स्वतंत्र भारताची कुंडली' संशोधकानं कशी वाचावी?



दिवाळी अंकात किंवा १५ ऑगस्टच्या पुरवणीत एक लेख हमखास सापडतो. शीर्षक थोडं इकडचं तिकडचं, मजकूर मात्र ओळखीचा: 'स्वतंत्र भारताची कुंडली'. वृषभ लग्न, कर्क रास, पुष्य नक्षत्र. म्हणून आपला देश सोशिक, भावनाप्रधान, उशिरा जागा होणारा, पण एकदा जागा झाला की न थांबणारा. मग एक परिच्छेद शेजारी देशांवर, एक पुढच्या वर्षावर, आणि शेवटी उज्ज्वल भविष्य.

असा लेख समोर आला की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. मान डोलावतो, नाहीतर हसून पान उलटतो. तुम्ही पेट, सेट, नेटच्या तयारीत असाल आणि उद्या इतिहासात, समाजशास्त्रात किंवा राज्यशास्त्रात संशोधन करणार असाल, तर या दोन्ही सवयी उपयोगाच्या नाहीत. असा लेख हे एक साधन आहे, आणि साधन वाचायला शिकावं लागतं. आज आपण तेच करू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राष्ट्राच्या कुंडलीत ग्रहांवरून स्वभाव निघत नाही. आधी लेखकाच्या मनात राष्ट्राचं एक चित्र ठरलेलं असतं आणि ग्रह त्या चित्राचे साक्षीदार म्हणून बोलावले जातात. आणि हे फक्त ज्योतिषी करतात असं नाही. आपल्या विद्यापीठांत लिहिल्या जाणाऱ्या सिनॉप्सिसमध्येही ग्रहांशिवाय हेच चालतं. ते शेवटी पाहू.

कुंडलीत नेमकं काय आहे?

टीका करायची तर आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडता आलं पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७, रात्रीचे शून्य वाजलेले, ठिकाण दिल्ली. आज प्रचलित असलेल्या चित्रापक्षाच्या, म्हणजे लाहिरी अयनांशाच्या गणितानं वृषभ लग्न येतं आणि लग्नात राहू. मिथुनेत मंगळ. कर्केत सूर्य, चंद्र, बुध, शुक्र आणि शनी असे पाच ग्रह. तुळेत गुरू, वृश्चिकेत केतू.

आता यावरून फलित कसं निघतं ते बघा. वृषभ म्हणजे बैल, म्हणून शेतीप्रधान आणि सोशिक. लग्नात राहू, म्हणून परकीयांचा प्रभाव. वृषभेपासून कर्क तिसरी. तिसरं स्थान भावंडांचं, शेजाऱ्यांचं, पराक्रमाचं. तिथं पाच ग्रह, म्हणून शेजाऱ्यांशी कायमची कटकट. चंद्र स्वराशीत, म्हणून भावनाप्रधान.

वाचताना पटतं, नाही का? पण का पटतं ते स्वतःला विचारा. शेतीप्रधान, सोशिक, परकीयांनी छळलेला, शेजाऱ्यांनी त्रासलेला हा भारत आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कुंडलीनं नवीन काही सांगितलंच नाही. जे चित्र आपण घेऊन आलो होतो, त्यावर शिक्का मारून ते परत आपल्या हातात दिलं.

मृगाचं वाहन आणि राष्ट्राचा स्वभाव

कोणी म्हणेल, देशाचं भविष्य पाहणं ही तर आपली जुनी परंपरा आहे. बरोबर आहे. तिला मेदिनीय ज्योतिष म्हणतात आणि नांदेड-लातूरच्या खेड्यांत ती आजही जिवंत आहे. पाडव्याला पंचांग वाचलं जातं: या संवत्सराचा राजा कोण, मेघांचा अधिपती कोण, पाऊस किती. मृग निघाला की वाहन काय आहे, बेडूक की म्हैस की कोल्हा, याची चर्चा पारावर होते.

पण नीट पाहा, तिथं प्रश्न काय विचारलेले असतात? पाऊस, पीक, महागाई, रोगराई, राजाचं बरंवाईट. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त कूर्मविभाग नावाचा अध्याय आहे. त्यात भारतवर्ष कासवाच्या आकारात कल्पून २७ नक्षत्रं तीन-तीनच्या नऊ गटांत वाटली आहेत. मधला भाग कृत्तिका, रोहिणी, मृगाचा. दक्षिण उत्तरा फाल्गुनी, हस्त, चित्रेची. एखाद्या गटातलं नक्षत्र पापग्रहानं पीडलं की त्या दिशेच्या देशांना त्रास. म्हणजे हा संकटाचा नकाशा आहे. संपूर्ण भारताचा मिळून एक स्वभाव आहे आणि तो अमुक क्षणी जन्मला, ही कल्पना त्या कासवात कुठंच नाही. तिथं अनेक जनपदं आहेत आणि प्रत्येकाचं नक्षत्र वेगळं आहे.

लोकांचा स्वभाव राशीवरून सांगण्याचा एक जुना आणि ठळक नमुना बाहेर सापडतो. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीनं 'टेट्राबिब्लोस' लिहिलं. त्याच्या दुसऱ्या भागात त्यानं तेव्हाचं ज्ञात जग राशींना वाटून दिलं. भारत कोणाच्या वाट्याला आला? मकर रास आणि शनीच्या. आणि इथले लोक कसे? कुरूप, अस्वच्छ आणि पशुवत, असं त्याचं निदान.

राग येतो ना? पण पद्धत तीच आहे. ग्रह, रास, त्यावरून लोकांचा स्वभाव. फरक इतकाच की टॉलेमीला आपण आवडत नव्हतो आणि दिवाळी अंकाच्या लेखकाला आपण आवडतो. ज्या साधनानं तितक्याच सहजतेनं शिवी आणि स्तुती दोन्ही निघतात, ते साधन वस्तू मोजत नसून मोजणाऱ्याची मर्जी दाखवत असतं. स्तुती निघाली की साधन तपासायचं आपण विसरतो, हा यातला खरा धोका.

यावर उत्तरही फार जुनं आहे. एडेसा शहरातला बर्दैसान हा विचारवंत तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेला. त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका संवादग्रंथात युक्तिवाद असा येतो: एका देशात माणसं दिवसाच्या प्रत्येक वेळी, प्रत्येक ग्रहस्थितीत जन्मतात, तरी त्यांचे रीतिरिवाज सारखे. आणि एकाच भारतात ब्राह्मण मांस खात नाहीत, तर त्याच आकाशाखालचे इतर लोक खातात. मग चालीरीती ठरवतं कोण, आकाश की समाजानं घालून घेतलेले नियम? समाजशास्त्राच्या पहिल्या तासाला विचारावा असा हा प्रश्न आहे.

राष्ट्राला जन्मवेळ कधीपासून?

माणसाची जन्मवेळ दाई सांगते, हल्ली हॉस्पिटलचा दाखला सांगतो. राष्ट्राची कोण सांगणार?

रोमची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वॅरो या पंडितानं आपला मित्र तारुतियस याला रोम्युलसची जन्मवेळ काढायला सांगितली. तारुतियसनं काय केलं? रोम्युलसच्या आयुष्यात घडल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घटना घेतल्या आणि त्यांना जुळेल अशी वेळ उलट गणितानं काढली. रोम शहराच्या स्थापनेची वेळही अशीच. प्लुटार्कनं हे नोंदवून ठेवलं आहे. आपल्याकडे याला जन्मवेळशुद्धी म्हणतात. म्हणजे आधी इतिहास, मग कुंडली, आणि मग 'बघा, कुंडलीत इतिहास दिसतोय!'

आधुनिक राष्ट्रांच्या बाबतीत अमेरिकेचं उदाहरण ठळक आहे. ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची कुंडली एबेनेझर सिब्ली या इंग्रज ज्योतिष्यानं त्याच शतकात मांडली. निकोलस कॅम्पियन या ज्योतिषाच्या इतिहासकारानं १९८८ मध्ये जगभरच्या राष्ट्रकुंडल्यांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात एकेका देशाच्या अनेक कुंडल्या आहेत, कारण कुठला क्षण हा जन्म मानायचा यावर ज्योतिष्यांचंच एकमत नाही. भारताचंही बघा. १५ ऑगस्ट १९४७, की राज्यघटना लागू झाली ती २६ जानेवारी १९५०? हे आकाश सांगत नाही. तुम्ही राष्ट्र कशाला म्हणता, सत्तांतराला की संविधानाला, त्यावर ते ठरतं.

बेनेडिक्ट अँडरसनचं 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' (१९८३) नेटच्या यादीत म्हणून तुम्ही वाचलं असेल. त्यातला घड्याळ आणि वर्तमानपत्राचा मुद्दा इथं जोडून बघा. एकमेकांना कधीही न भेटलेले लाखो लोक 'याच क्षणी आपण सगळे' अशी कल्पना करू शकतात, कारण त्यांच्याकडे एक सामायिक, घड्याळानं मोजलेला काळ असतो. राष्ट्राची कुंडली याच काळावर उभी आहे. दिल्लीतल्या मध्यरात्रीचे बारा हे सगळ्यांचे बारा, हे गृहीत धरल्याशिवाय ती मांडताच येत नाही. गंमत म्हणजे १९४७ साली मुंबई शहरात भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागं असलेली 'बॉम्बे टाइम' अजून चालू होती, ती १९५५ पर्यंत टिकली. त्या घड्याळानुसार तो क्षण १४ तारखेच्या रात्री ११ वाजून २१ मिनिटांचा. गणित करणारा ज्योतिषी हा फरक जुळवून घेईल, हे खरं. मुद्दा असा की जो क्षण आपल्याला नैसर्गिक वाटतो, तोसुद्धा ठरवून घेतलेला आहे.

त्या मध्यरात्री आपण कुठं होतो?

आता घरचा प्रश्न. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री नांदेड कुठं होतं? लातूर कुठं होतं? निजामाच्या हैदराबाद संस्थानात. भारतीय संघराज्यात नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामानं भारताशी जैसे थे करार केला, विलीनीकरण केलं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. तेरा महिन्यांनी. ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे ते स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे नेते, आणि नांदेडचं विद्यापीठ १९९४ साली स्थापन झालं तेही १७ सप्टेंबरलाच.

मग 'भारताचा स्वभाव' सांगणाऱ्या त्या वृषभ लग्नात आपण येतो की नाही? येत असू तर तेव्हा देशाबाहेर असलेल्यांनाही ती कुंडली कशी लागू झाली? येत नसू तर तिला भारताची का म्हणायचं? गोव्याला हाच प्रश्न विचारा, तिथली तारीख १९ डिसेंबर १९६१ आहे. राष्ट्रकुंडलीच्या लेखांत या प्रश्नाला सहसा जागाच नसते, कारण त्या लेखांतलं राष्ट्र दिल्लीत, एका सभागृहात, एका रात्रीत जन्मतं. खेड्यापाड्यातून, तुकड्यातुकड्यानं, वर्षानुवर्षं घडत गेलेलं राष्ट्र त्या चौकटीत बसत नाही.

१७ सप्टेंबरचंच आणखी बघा. तारीख एक, घटना एक, आकाशही एक. आपण तिला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतो. कर्नाटकात ती कल्याण कर्नाटक उत्सव झाली. तेलंगणात तिला मुक्ती म्हणायचं की एकात्मता, यावर अजून वाद चालतो. अर्थ आकाशातून आला असता तर तिन्हीकडे एकच नाव असतं. अर्थ त्या त्या ठिकाणच्या राजकारणातून आणि स्मरणातून आला, आणि आपलं संशोधनाचं काम नेमकं तिथं आहे.

पाकिस्तानचा मुद्दाही टाळता येत नाही. ब्रिटिश संसदेच्या १९४७ च्या कायद्यानं दोन्ही देश १५ ऑगस्टपासूनच अस्तित्वात आले, पाकिस्तान १४ ला साजरा करतो ती गोष्ट वेगळी. तोच क्षण धरला तर ग्रह त्याच राशींत, चंद्र त्याच पुष्यात, महादशांचा क्रमही तोच. ज्योतिषी म्हणतील, कराचीचं लग्न बदलतं. ठीक, तो बदल मान्य करू. पण मग कर्क राशीमुळे, पुष्य नक्षत्रामुळे, शनीच्या दशेमुळे भारताचं अमुक झालं, असं लिहिता येणार नाही, कारण ते सगळं शेजारच्या घरातही होतं. इकडे १९५१-५२ ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तिकडे १९५८ ला लष्करी राजवट आली. फरक समजून घ्यायचा तर पक्षसंघटना, लष्कर, जमीनदारी आणि संविधान बनायला लागलेला काळ हे पाहावं लागेल.

सूर्य कर्केत की सिंहेत?

एक तांत्रिक गोष्ट, पण महत्त्वाची. तारे मोजायला सुरुवात कुठून करायची, म्हणजे अयनांश किती धरायचा, यावर महाराष्ट्रात मोठा वाद झालेला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' (१८९६) हा मराठीतला थोर ग्रंथ मुळातून वाचा, म्हणजे पंचांगांतले मतभेद किती खोल आहेत ते कळेल. टिळकांनी रेवती तारा आधार मानणाऱ्या पक्षाची बाजू घेतली, त्यातून टिळक पंचांग आलं. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनं १९५५ च्या अहवालात चित्रापक्षाला धरून अयनांश ठरवला. दोघांत सुमारे ४ अंशांचा फरक.

४ अंशांनी काय होतं? चित्रापक्षात त्या रात्री सूर्य कर्केच्या अगदी शेवटी, २८ व्या अंशाच्या आसपास आहे. रेवतीपक्षानं मोजलं की तो सिंहेत जातो. 'पाच ग्रह कर्केत' हे सगळ्या फलिताचं मुख्य सूत्र, ते लगेच चारवर येतं. चित्रापक्षानुसार तो अधिक श्रावण, म्हणजे धोंड्याचा महिना. रेवतीपक्षानुसार नाही. महादशाही साधारण साडेपाच वर्षांनी अलीकडे सरकतात. म्हणजे शुक्राची महादशा १९८९ ऐवजी १९८४ च्या सुमाराला सुरू होते.

आता १९९१ चं उदारीकरण शुक्रामुळे आलं, असा एक लोकप्रिय दावा घ्या. शुक्र भोगाचा कारक, म्हणून बाजार, मोबाईल, मॉल. छान. पण चित्रापक्षाचीच १९८९ ते २००९ ही दशा घेऊन त्या वीस वर्षांतल्या मोठ्या घटनांची यादी कागदावर करा. १९९२ ची अयोध्या आणि नंतरच्या दंगली, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९९ चं कारगिल, २००८ चा मुंबई हल्ला. या घटना शुक्राच्या खात्यावर का नाहीत? कारण निवड आधीच झालेली आहे. जुळतं ते उचलायचं, जुळत नाही त्याला अंतर्दशा किंवा गोचर आहेच. हे चेरी-पिकिंग तुमच्या डेटातही होऊ शकतं, म्हणून ओळखून ठेवा.

चूक निघाली तर काय बदलतं?

व्यक्तीच्या कुंडलीची चाचणी आपल्याकडे झालेली आहे. जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत २००८ मध्ये ती घेतली आणि २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, अशा दोन गटांच्या पत्रिका ज्योतिष्यांना वेगळ्या करायला दिल्या होत्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर निघाल्या सरासरी ४६ टक्के, म्हणजे छापा-काट्याइतक्या. राष्ट्रकुंडलीची अशी चाचणी घेणंच अवघड आहे, कारण राष्ट्रं थोडी, घटना अमाप आणि 'सोशिक' या शब्दाचं मोजमाप नाही. तपासता न येणं हा तिचा बळकटपणा नाही, तिचा दोष आहे.

याच्या शेजारी लातूरचं उदाहरण ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरलं, हजारो माणसं गेली. तोपर्यंत आपला भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात धरलेला होता. दख्खनचं पठार स्थिर, असा समज होता. विज्ञान चुकलं, आणि त्या चुकीची किंमत आपल्या माणसांनी मोजली. हे लपवायचं कारण नाही. पण नंतर काय झालं? अभ्यास झाले, खंडाच्या आतल्या भूकंपांची समज बदलली, २००२ च्या सुधारित नकाशात सर्वात खालचा झोन रद्दच झाला आणि किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये गेला. बांधकामाचे नियम त्यानुसार बदलले. हुकलेल्या भाकितानंतर भारताची कुंडली, किंवा ती वाचण्याचा एखादा नियम, असा बदललेला तुम्ही पाहिला आहे का? संशोधन आणि फलित यांतला फरक शोधायचा तो इथं. चूक दोन्हीकडे होते, पण एकीकडे ती नोंदली जाते आणि नकाशा बदलतो.

मग हा विषय सोडून द्यायचा?

अजिबात नाही. पत्रिका स्वभावाचा पुरावा नसली तरी इतिहासाचा पुरावा असू शकते. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद आठवा: वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१? टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीनं दुसरी तिथी दिली, आणि जोधपूरच्या एका जुन्या कुंडली-संग्रहात सापडलेल्या महाराजांच्या कुंडलीनं तिला दुजोरा दिला. आज राज्य सरकार १९ फेब्रुवारीला जयंती साजरी करतं ती याच तिथीवरून. इथं इतिहासकारांनी कुंडलीतलं फलित घेतलं नाही, ग्रहस्थितीवरून तारीख घेतली आणि ती दुसऱ्या साधनाशी ताडून पाहिली. साधनाला काय विचारायचं हे कळलं की कुठलंही साधन कामाचं.

दुसरा नमुना थिओडोर अडोर्नोचा. त्यानं १९५२-५३ मधल्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या राशिभविष्य-सदराचा मजकूर घेऊन सविस्तर विश्लेषण केलं. भविष्य खरं ठरतं का, हा त्याचा प्रश्न नव्हता. हे सदर वाचकाला काय करायला सांगतं, कोणाशी जुळवून घ्यायला शिकवतं, हा होता. मराठी दिवाळी अंकांतल्या राष्ट्रभविष्यावर असं काम कोणी केलं तर उत्तम विषय होईल. १९६२ नंतर, १९७५ नंतर, १९९१ नंतर त्याच कुंडलीतून 'भारताचा स्वभाव' कसा बदलत गेला? ग्रह तर जागचे हलले नाहीत. मग जे बदललं ते काय होतं?

आणि आपला सिनॉप्सिस

आता सुरुवातीला म्हटलं होतं त्याकडे येऊ. 'मराठवाड्यातला माणूस मुळातच सोशिक आहे', 'निजामी मानसिकतेमुळे इथं उद्योजकता रुजली नाही', 'या भागातल्या शेतकऱ्याचा स्वभाव नशिबावर हवाला ठेवणारा आहे.' अशी वाक्यं आपल्याकडच्या प्रस्तावांत सहज येतात, आणि प्रस्तावनेत असल्यामुळे त्यांना कोणी पुरावाही मागत नाही. यात आणि 'वृषभ लग्न म्हणून सोशिक' यात काय फरक आहे? राहूच्या जागी निजाम बसवला, एवढाच.

मोठ्या माणसांनीही हे केलं आहे. न्यायमूर्ती रानड्यांचं 'राइज ऑफ द मराठा पॉवर' (१९००) हे मराठ्यांच्या इतिहासाला राष्ट्र घडण्याचा इतिहास म्हणून मांडणारं महत्त्वाचं पुस्तक. त्यात मराठी माणसाच्या चिवटपणाचा धागा सह्याद्री, डोंगर, हवामान आणि कमी पिकणारी जमीन यांच्याशी जोडलेला आहे. रानड्यांकडे त्यासोबत संतांची चळवळ, ग्रामसंस्था, भाषा असं बरंच काही आहे, म्हणून ते पुस्तक टिकलं. पण नुसता सह्याद्रीचा धागा पकडला तर गोदावरी-मांजरेच्या काठच्या सपाट काळ्या जमिनीवरचा मराठी माणूस त्या चित्रात बसतो कुठं? दिल्लीच्या मध्यरात्रीनं आपल्याला वगळलं, तसंच इथंही.

याला पर्याय काय? वि. म. दांडेकरांच्या समितीचा १९८४ चा प्रादेशिक असमतोलावरचा अहवाल घ्या. समितीनं मराठवाड्याच्या माणसाचा स्वभाव विचारला नाही. रस्ते किती, सिंचन किती, शाळा किती, वीज किती हे राज्याच्या सरासरीशी ताडून मोजलं आणि 'अनुशेष' हा शब्द चर्चेत पक्का केला. अनुशेष मोजता येतो, त्याच्यावर भांडता येतं, तो भरून मागता येतो. स्वभावाचं तसं होत नाही. 'तुमचा स्वभावच असा' म्हटलं की मागणी संपते, सरकारची जबाबदारीही संपते. म्हणून 'सोशिक' हे कौतुक वाटलं तरी ते आपल्याला महागात पडणारं कौतुक आहे.

तेव्हा लिटरेचर रिव्ह्यू करताना किंवा स्वतःचा प्रस्ताव लिहिताना 'या देशाचा', 'या समाजाचा', 'या भागाचा' स्वभाव असं काही आलं की थांबा आणि हे चार प्रश्न विचारा:

१. हा स्वभाव सांगणारा कोण आहे, आणि त्याला आपण आवडतो की नाही?
२. सुरुवात कुठल्या क्षणापासून धरली आहे, आणि त्या क्षणी कोण बाहेर होतं?
३. जुळणाऱ्या घटना कोणत्या उचलल्या, न जुळणाऱ्या कुठं गेल्या?
४. हे विधान चुकीचं ठरण्यासाठी काय सापडावं लागेल?

चौथ्याचं उत्तर 'काहीही सापडलं तरी चुकीचं ठरणार नाही' असं आलं, तर ते वाक्य काढून टाका. त्याच्या जागी मोजता येईल, ताडून पाहता येईल असं एक तरी वाक्य लिहा, मग ते कितीही साधं असो. तुमचा गाईड किंवा आरआरसीतला एखादा सदस्य नेमका तोच प्रश्न विचारेल, आणि तेव्हा उत्तर तुमच्याकडे असेल.

अभ्यासाला शुभेच्छा.